कोळसा आणि घड्याळ

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं पिण्याचें पाणी शुद्ध करणारें एखादें यंत्र असेल. तें उघडून पाहिल्यास त्याच्या एका नळकांड्यांत काळ्या कोळशाची भरड किंवा वडी आढळते. पाण्याचा वास, फिकट रंग आणि क्लोरीनची नकोशी चव काढून टाकण्याचें काम या कोळशाकडे असतें. परंतु त्यांतून जाणारी धार बेताचीच ठेवावी लागते. पाणी भरधाव सोडलें, तर कोळसा तोच, पाणीही तेंच, आणि तरी काम अर्धवट होतें. असें कां व्हावें? या साध्या प्रश्नाच्या उत्तरामागें सुमारें अडीचशें वर्षांचा इतिहास आहे. तोच आज मला आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

आरंभ झाला तो वायूंपासून. स्वीडनमधील रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शीले यानें १७७३ सालीं कोळसा वायु शोषून घेतो असें पाहिलें. चार वर्षांनीं, १७७७ सालीं, इटलींतील फेलिचे फॉन्ताना यानें धगधगीत निखारा पाऱ्यांत थंड केला आणि मग तो पाऱ्यावर कोंडलेल्या वायूंत सोडला. वायु कमी कमी होत गेला व नळींतील पारा वर चढला. वायु गेला कोठें? कोळसा तर पूर्वीएवढाच दिसत होता!

याच सुमारास रशियाची त्या वेळची राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथें टोबियस लोविट्झ नांवाचा औषधिकार टार्टारिक आम्लाचे स्फटिक तयार करीत होता. आपल्या चिंचेला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळें. द्रावण आटवितांना त्याला जळकट तपकिरी रंग चढे आणि स्फटिक स्वच्छ निघत नसत. १७८५ सालीं लोविट्झला असें आढळलें कीं, द्रावणांत कोळशाची पूड मिसळली असतां हा रंग नाहींसा होतो. काट्यानें काटा काढावा, तसा काळ्या कोळशानें काळपटपणा काढण्याचा हा प्रकार त्यालाही नवलाचा वाटला असला पाहिजे. त्यानें मग हाच प्रयोग धान्याच्या दारूवर केला, आणि सांठवून कुजलेल्या पाण्यावरही केला. महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना पिपांतील कुजकें पाणी प्यावें लागे; त्यांच्या दृष्टीनें हा शोध लहान नव्हता.

या शोधाला खरें व्यापारी महत्त्व आलें तें साखरेमुळें. नेपोलियनच्या काळीं इंग्लंडशीं चाललेल्या युद्धांत फ्रान्सला वेस्ट इंडीजची उसाची साखर मिळेनाशी झाली, आणि बीटपासून साखर काढण्याचे प्रयत्न जोरांत सुरू झाले. १८११ सालीं मोंपेल्ये येथील फिग्ये यानें लांकडाच्या कोळशापेक्षां हाडांचा कोळसा रंग अधिक चांगला काढतो, हें दाखविलें. पुढच्याच वर्षीं दरोन यानें त्याचा उपयोग साखरेकडे केला. पुढें साखर शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत हाडांच्या कोळशाचे उंचच उंच स्तंभ उभे राहिले. वरून तपकिरी पाक सोडावयाचा आणि खालून तो उजळ होऊन उतरावयाचा. आपल्या देशांतही या कोळशाचा एक निराळाच परिणाम झाला. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळींत परदेशी साखर टाकण्याचें एक कारण म्हणून हाडांची ही गोष्ट सांगितली जात असे.

ही क्रिया तरी काय आहे? मीठ पाण्यांत विरघळतें, तेव्हां तें पाण्याच्या सर्वांगांत भिनतें. फळीवर धूळ बसते, तेव्हां ती लांकडांत शिरत नाहीं, वरच राहते. कोळशाचें वागणें या दुसऱ्या प्रकारचें आहे. रंगाचे रेणु त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतात आणि आकर्षणामुळें तेथें धरले जातात. १८८१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख कायझर यानें या क्रियेकरितां ‘अ‍ॅड्सॉर्प्शन’ हा स्वतंत्र शब्द वापरला. मराठींत आपण तिला अधिशोषण म्हणतों. आतां कोणी विचारील कीं, एवढ्याशा पुडीच्या पृष्ठभागावर असे किती रेणु बसणार? परंतु कोळशाच्या पोटांत असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात आणि त्यांच्या भिंती हाही पृष्ठभागच होय. चांगल्या प्रतीच्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला सुमारें १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे, पृष्ठभाग असतो. पाव एकराचें शेत चिमटीभर पुडींत सांठविलेलें आहे, असें म्हटलें तरी चालेल.

येथवर सर्वांचें लक्ष ‘किती?’ या एकाच प्रश्नाकडे होतें. अमुक कोळसा किती रंग धरतो? अमुक वायु किती घेतो? एका बाजूला कोळसा तोलावयाचा, दुसऱ्या बाजूला उरलेला रंग मोजावयाचा, आणि सर्व कांहीं स्थिर होईपर्यंत स्वस्थ बसावयाचें, अशी ही रीति होती. स्थिर होण्यास किती वेळ लागला, हें विचारावें असें फारसें कोणाच्या मनांत आलें नाहीं. साखरेच्या कारखान्यांतील कारागिरांना मात्र पाक सावकाश उतरला पाहिजे हें अनुभवानें ठाऊक होतें. परंतु अनुभवाचें सूत्र झालेलें नव्हतें.

तें सूत्र मांडलें स्वीडनमधील स्टेन लागरग्रेन यानें. स्टॉकहोम येथील विज्ञान-अकादमीच्या ग्रंथमालेंत १८९८ सालीं त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. ऑक्झॅलिक आणि मॅलॉनिक या दोन आम्लांच्या द्रावणांत कोळसा घालून तें आम्ल कोळशावर कसकसें जातें, हें त्यानें घड्याळ लावून पाहिलें. त्याचा निष्कर्ष थोडक्यांत असा कीं, कोळशाच्या अंगीं अजून जितकी जागा भरावयाची राहिली असेल, तितक्या प्रमाणांत त्या क्षणींचा वेग असतो. लग्नाच्या पंगतीचें उदाहरण घ्या. पानें मांडून झालीं कीं, पहिले पाहुणे भराभर बसतात, कारण जिकडे पाहावें तिकडे पाट रिकामेच असतात. शेवटच्या चारपांच जणांना मात्र रिकामें पान शोधीत फिरावें लागतें. समजा, पहिल्या १० मिनिटांत निम्मी जागा भरली. तर २० मिनिटांनीं तीन चतुर्थांश भरेल, ३० मिनिटांनीं शेंकडा साडेसत्त्याऐंशी. आणि अगदीं शेवटचा अंश भरण्यास फार वेळ लागेल.

हा निबंध त्या काळीं फारसा गाजला नाहीं. विद्वानांचें लक्ष अद्याप ‘किती’ कडेच होतें. १९०६ च्या सुमारास जर्मनींतील हर्बर्ट फ्रॉइंडलिख यानें द्रावण किती तीव्र असतां कोळशावर किती पदार्थ बसतो याचें समीकरण रूढ केलें. परंतु थोड्याच वर्षांत असा प्रसंग आला कीं, ‘किती वेळांत’ हा प्रश्न जीवनमरणाचा होऊन बसला.

२२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें क्लोरीन वायूचे ढग शत्रूच्या खंदकांवर सोडले. चारच दिवसांनीं, २६ एप्रिल रोजीं, लाहोर डिव्हिजनमधील हिंदुस्थानी सैनिकांनाही याच रणांगणावर या विषाला तोंड द्यावें लागलें. प्रथम औषधी द्रावणांत भिजविलेल्या कापडाच्या घड्या नाकातोंडावर धरण्यापलीकडे दुसरा उपाय नव्हता. त्याच वर्षीं रशियांत निकोलाय झेलिन्स्की यानें सक्रिय कोळशाचा मुखवटा पुढें आणला. आतां ध्यानांत घ्या कीं, प्रयोगशाळेंतील बाटली रात्रभर हलवीत ठेवतां येते. पण श्वास घेणारा माणूस थांबूं शकत नाहीं. मुखवट्याच्या डब्यांतून हवा सेकंदाच्या लहानशा अंशांत पार होते. तेवढ्यांत कोळशानें विष धरलें तर माणूस वांचला, नाहींतर नाहीं. तो कोळसा एका दिवसांत किती विष घेऊं शकला असता, ही माहिती त्या सैनिकाच्या कांहींच उपयोगाची नव्हती.

म्हणून घट्ट पण सूक्ष्म छिद्रांच्या कोळशाचा शोध सुरू झाला. अमेरिकेंत असा उत्तम कोळसा नारळाच्या करवंटीपासून मिळाला. कोंकणांत जी करवंटी चुलींत घातली जाते, तीच तेथें सैनिकांच्या प्राणरक्षणास लागली. करवंट्या पुरेनात, तेव्हां १९१८ सालीं तेथील नागरिकांना पीच फळांच्या कोया जमवून देण्याचें आवाहन करण्यांत आलें. १९२० सालीं बोहार्ट आणि अ‍ॅडम्स या दोघांनीं कोळशाच्या थरांतून क्लोरीन कसा पुढें सरकतो याचें गणित प्रसिद्ध केलें. थराचा पहिला भाग आधीं भरतो, मग त्यापुढचा, आणि विषाची आघाडी अशी हळूहळू पलीकडच्या टोंकाकडे सरकते. वेग कमी पडला, तर डबा पुरता भरण्यापूर्वींच विष पलीकडे फुटतें.

याच काळांत, १९१६ ते १९१८ मध्यें, अमेरिकेंतील अर्व्हिंग लँगम्यूर यानें ‘किती’ आणि ‘किती वेळांत’ या दोन प्रश्नांचें नातें उलगडलें. तो विजेच्या दिव्यांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत काम करीत असे. पृष्ठभागावर रेणु येऊन बसतात, तसे कांहीं उठूनही जातात. बसणाऱ्यांचा आणि उठणाऱ्यांचा वेग समान झाला कीं, आपल्याला सर्व स्थिर वाटतें. म्हणजे ज्याला आपण स्थिरता म्हणत होतों, ती दोन समान गतींची बरोबरी होती! १९३२ सालीं पृष्ठभागाच्या रसायनावरील संशोधनासाठीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

यापुढें वेगाचें कारण शोधण्याकडे शास्त्रज्ञ वळले. रेणूला प्रथम कणाभोंवतींच्या पाण्याच्या पातळ थरांतून जावें लागतें, मग अरुंद छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि शेवटीं जागा धरावी लागते. यांपैकीं जी पायरी सर्वांत संथ, ती सर्व क्रियेचा वेग ठरविते. १९४७ सालीं बॉइड, अ‍ॅडमसन आणि मायर्स यांनीं यांतील पहिल्या दोन पायऱ्या निराळ्या ओळखण्याची रीति दिली. १९६३ सालीं वेबर आणि मॉरिस यांनीं दाखविलें कीं, छिद्रांतील प्रवास हीच अडचण असेल, तर धरलेला पदार्थ वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढतो. दुप्पट रंग धरावयाचा, तर चौपट वेळ द्यावा लागतो.

आज या शास्त्राची गरज सर्वांत अधिक भासते ती कापडाच्या रंगांसाठीं. १८५६ सालीं पर्किननें पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केल्यापासून असे हजारों रंग निघाले. यांतील कित्येक रंग उन्हानें विटूं नयेत व धुण्यानें जाऊं नयेत, अशाच बेतानें बनविलेले असतात. आणि म्हणूनच नदींत गेल्यावरही ते लवकर नष्ट होत नाहींत. कापडाच्या पेठा असलेल्या गांवांना याची झळ लागते. उसाचीं चिपाडें, भाताचें तूस, नारळाचा काथ्या यांसारख्या स्वस्त पदार्थांनीं हे रंग काढण्याचे प्रयोग आपल्या देशांत अनेक ठिकाणीं होतात. १८७६ सालीं निघालेला मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग या प्रयोगांत कसोटीसारखा वापरतात.

येथें घड्याळाचें महत्त्व एका साध्या हिशेबानें कळेल. दर तासाला १ लक्ष लिटर रंगीत पाणी बाहेर पडतें असें धरूं. अर्ध्या तासांत रंग धरणारा पदार्थ असेल, तर ५० हजार लिटरांची टाकी पुरते. तेवढाच रंग धरणारा, पण सहा तास घेणारा पदार्थ असेल, तर टाकी ६ लक्ष लिटरांची लागेल. जागा आणि पैसा नसला कीं ती टाकी बांधली जात नाहीं, आणि पाणी तसेंच नदीला मिळतें.

शेवटीं एक इशारा दिला पाहिजे. पीटनामक दलदलींतील मातीवर रंग व धातु कसे बसतात याचा अभ्यास करून हो आणि मॅक्के यांनीं १९९८-९९ मध्यें वेगाचें एक नवें सूत्र प्रचारांत आणलें, आणि तें अतिशय लोकप्रिय झालें. तें बहुतेक प्रयोगांना जुळतें. परंतु प्रयोग करणारे पुष्कळदां क्रिया जवळजवळ संपल्यानंतरचींच मोजमापें अधिक घेतात. पंगत भरल्यावर दारांत उभें राहून पाहुणे कसे आले याचा निर्णय द्यावा, तसें हें आहे. आंकडे एका रेषेवर आले, म्हणजे आंत काय घडलें तें समजलें असें नव्हे. खरी परीक्षा पहिल्या कांहीं मिनिटांत होते, आणि लागरग्रेनचें घड्याळ प्रथम तेथेंच लावावें लागतें.

श्रोतेहो, एखादा पदार्थ किती सामर्थ्यवान् आहे, एवढेंच विचारून भागत नाहीं. तें सामर्थ्य वेळेवर उपयोगीं पडेल कीं नाहीं, हेंही विचारावें लागतें. खंदकांतील सैनिकाला याचें उत्तर क्षणांत हवें होतें. नदीकांठच्या गांवाला तें टाकीच्या मापांत हवें आहे. घरच्या यंत्रांतील कोळशालाही थोडा वेळ हवा असतो. धार बेताची ठेवावयाची ती त्यासाठींच.