घोटलेला कागद आणि खरबरीत कार्ड

आजची गोष्ट एका फसलेल्या ग्रीटिंग कार्डाची आहे.

माझ्या आजोबांना आता फारसं दिसत नाही. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी जमिनीची जुनी दफ्तरं हाताळली. म्हटलं, त्यांच्या वाढदिवसाला बोटांनी वाचता येईल असं कार्ड करू. साधी ड्रॉइंग शीट घेतली, ओल्यावरच लाल आणि पिवळा रंग मिसळायला गेलो, तर कागदाचे पापुद्रेच निघाले!

मग कागजीपुऱ्याला गेलो. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना हे गाव लागतं. वेरूळच्या घाईत आपण त्याला मागे टाकतो. पण नावातच सगळं आहे. कागजी म्हणजे कागद करणारे. 1327 च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं नाव दौलताबाद ठेवलं. त्याच काळात कागजी इथे आले, असं परंपरा सांगते. राजधानी परत गेली, कागजी राहिले.

साहजिक आहे ना? राज्य कोणाचंही असो, फर्मान, हिशेब, पोथी, सगळ्यांना कागद लागणारच.

आता कागद करायची जुनी रीत ऐका. चिंध्या, जुने दोर चुन्यात भिजवायचे, कुटायचे, धुवायचे. झाला लगदा. तो हौदातल्या पाण्यात ढवळायचा, गवतकाड्यांच्या बारीक चटईवर अलगद उचलायचा. पाणी निथळलं की उरला तो ताव. तो वाळवून खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. एवढा खटाटोप कशासाठी? बोरू अडू नये आणि शाई फुटू नये म्हणून.

मला मात्र नेमकं उलटं हवं होतं! मी न घोटलेला, खरबरीत ताव घेतला. खळ नसली की कागद पाणी पितो. लाल आणि पिवळा एकमेकांत शिरले, मधे केशरी कधी झाला कळलंच नाही. उरलेले तुकडे भिजवून मिक्सरमध्ये फिरवले, फेविकॉल घातला आणि त्या लगद्याने देवगिरीचा डोंगर उठवला. दोन दिवस वाळवला.

आजोबांनी कार्ड हातात घेतलं. आधी डोंगराला नाही, कागदालाच अंगठा लावला.

"घोटलेला नाही रे हा. बोरू अडेल."

मग ते सांगत बसले. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्यांच्या दफ्तरात उर्दू कागद, मोडी कागद, दोन्ही असायचे. घोटलेला ताव हाताला लगेच कळायचा, म्हणाले. चाळीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

बोलता बोलता बोट वर सरकलं, खालच्या उभ्या कड्यापाशी थांबलं. तो कडा माणसांनीच तासलाय, शत्रू चढू नये म्हणून.

"देवगिरी," ते म्हणाले.

कार्डावर मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी वेरूळला निघालात की कागजीपुऱ्यात दहा मिनिटं उतरा. एक ताव घ्या. आणि घरी कोणी जुने कागद हाताळलेलं माणूस असेल, तर तो आधी त्यांच्या हातात द्या. भेटू पुढच्या भागात!