खोली, पंगत आणि ग्रंथालय
बाबासाहेबांच्या परदेशातील विद्यार्थिदशेचा एक विचार

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या सभांतून नेहमी वाचली जाते. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. टाळ्या पडतात आणि सभा पुढे सरकते. पण या पदव्या मिळवणारा बावीस वर्षांचा मुलगा परक्या देशात कोठे राहिला, कोणाच्या शेजारी जेवला, त्याचा महिन्याचा खर्च कसा भागला, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. हे प्रश्न किरकोळ वाटतील. पण अस्पृश्य माणसाच्या इतिहासात राहण्याची जागा आणि जेवणाची पंगत या गोष्टी कधीच किरकोळ नव्हत्या. बुद्धिमत्तेच्या गौरवात ही भौतिक बाजू झाकली जाते, आणि ती झाकली गेली की आजच्या विद्यार्थ्याच्या हाती केवळ एक चमत्कारकथा उरते.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेत शिकण्यासाठी भीमरावांना शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण मानवेना, म्हणून काही दिवसांतच ते परदेशी विद्यार्थ्यांच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांनी बिऱ्हाड केले. तेथे त्यांच्या सोबतीला नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी होता. हा स्नेह जन्मभर टिकला.

या तीन ओळींच्या तपशिलाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. तीन ठिकाणी हा मुलगा राहिला, आणि एकाही ठिकाणी त्याला खोली देण्यापूर्वी जात विचारली गेली नाही. जेवण आवडले नाही म्हणून त्याने जागा बदलली. आवडनिवड करण्याचा हा साधा अधिकार त्याच्या समाजाने पिढ्यान् पिढ्या भोगला नव्हता. साताऱ्याच्या शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसणारा, पाण्याच्या भांड्याला हात लावू न शकणारा तो विद्यार्थी येथे टेबलावर इतरांच्या बरोबरीने बसत होता.

याचा अर्थ न्यूयॉर्क हे समतेचे गाव होते असा नव्हे. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम आहे आणि त्या काळी काळ्या माणसांची वस्ती तेथे वाढत होती. त्यांना वर्णद्वेषाचे चटके रोज बसत होते. भीमरावांना जातीपासून जी मोकळीक मिळाली ती अमेरिकन समाजाच्या उदारतेमुळे मिळाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जात ओळखणारी यंत्रणा तेथे नव्हती, एवढाच तिचा अर्थ. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘ब्लॅक पँथर’वरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतले. दोन वेदनांची ही ओळख पटण्याची वाट तेथूनही जात होती.

खोली मिळाली, पंगत मिळाली. तिसरी गोष्ट म्हणजे ग्रंथालय. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन यांच्यासारखे शिक्षक लाभले. १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरील प्रबंधाने एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनात जातीचे मर्म आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही ते बंधन टिकवण्याची साधने आहेत, अशी त्यांची मांडणी होती. कॉर्नेलमध्ये शिकलेल्या श्री. व्यं. केतकरांचा जातिसंस्थेवरचा ग्रंथ १९०९ साली अमेरिकेतच निघाला होता. त्याचा हवाला भीमरावांनी या निबंधात दिला. हिंदू माणूस परदेशी गेला की जातही त्याच्याबरोबर जाईल आणि ती जगाचा प्रश्न बनेल, हा केतकरांचा इशारा त्यांनी मुद्दाम नोंदवला. ज्या जातीने त्यांना पाण्यापासून दूर ठेवले तिचीच चिरफाड करण्याइतके अंतर आणि निवांतपणा त्यांना या ग्रंथालयाने दिला.

पण हा सारा डोलारा एका धाग्यावर लोंबत होता. तो धागा म्हणजे शिष्यवृत्ती. १९१६ साली ते लंडनला गेले, ग्रेज इनमध्ये आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले. १९१७ साली मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याची आज्ञा झाली. प्रबंध अर्धा राहिला. आगाऊ पाठवलेली पुस्तके महायुद्धात बोटीबरोबर बुडाली. बुद्धी तीच होती, चिकाटी तीच होती. महिन्याचे पैसे थांबले आणि अभ्यास थांबला.

त्यानंतरचे बडोदा आपल्याला ठाऊक आहे. संस्थानच्या अधिकाऱ्याला राहायला खोली मिळाली नाही. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी या प्रसंगाबद्दल पुढे लिहून ठेवले. येथे एक गोष्ट नीट पाहावी. न्यूयॉर्कला खोलीचा सोबती पारशी होता आणि बडोद्याला काठी घेऊन येणारेही पारशीच होते. तेव्हा प्रश्न एखाद्या जमातीच्या स्वभावाचा नाही. भोवतालची व्यवस्था माणसाला सोबती बनवते किंवा लाठीवाला बनवते. विशेष म्हणजे १९२० साली पुन्हा लंडनला जाताना याच नवल भथेनांनी त्यांना पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांचे साहाय्य ही बाकीची शिदोरी. लंडनमध्ये अर्धपोटी राहून, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून त्यांनी १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. पदवी मिळवली. मुंबईत रमाबाईंनी काटकसरीने संसार चालवला नसता तर हे शक्य झाले नसते. त्यांचे नाव कोणत्याही पदवीपत्रावर नाही.

परत आल्यावर बाबासाहेबांनी काय केले? जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला तिचे वसतिगृह सुरू झाले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय उभे राहिले. माझ्या मते हा योगायोग नाही. खोली, पंगत आणि ग्रंथालय या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस विद्यार्थी होतो, हे त्यांनी परदेशी अनुभवले होते. जे आपल्याला एका महाराजाच्या मर्जीने मिळाले ते समाजाला हक्काने मिळावे, म्हणून त्यांनी ते येथे उभे केले. सरकारनेही अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी पाठवावे, असा आग्रह त्यांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात धरला.

आज विद्यापीठांचे आपापसांत करार होतात आणि विद्यार्थी एका सत्रासाठीही परदेशी जाऊन येतात. आपली मुलेही जातात. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली ही, की केतकरांचा इशारा खरा ठरला. परदेशी विद्यापीठांत आता जात ओळखणारे भरपूर आहेत. आडनाव, गाव, जेवणातले पदार्थ यांवरून चौकशी सुरू होते. म्हणून तर २०१९ साली ब्रँडाइस विद्यापीठाला आणि २०२२ साली कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाला आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश करावा लागला. १९१३ सालची ती जातीविना खोली आज गृहीत धरता येत नाही.

दुसरी गोष्ट धाग्याची. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली तिच्या नियमांतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास वगळण्यात आले. या नियमाने ईस्ट इंडिया कंपनीवरचा प्रबंध बाद झाला असता, जातींवरचा तो निबंधही बाद झाला असता. जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी आधी ४० जणांनाच पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधी असेल तर, असे सांगण्यात आले. १९१७ साली बडोद्याहून आलेल्या आज्ञेत आणि या उत्तरात फरक आहे, तो एवढाच की तेव्हा देणारा राजा होता आणि आता देणारे आपणच निवडलेले सरकार आहे. राजाजवळ विनंती करावी लागत होती. सरकारला जाब विचारता येतो, आणि तो विचारला पाहिजे.

म्हणून आपल्या सभांतून पदव्यांची यादी जरूर वाचावी. तिच्याबरोबर साडेअकरा पौंड, दहा वर्षांचा करार, बुडालेली पुस्तके आणि भथेनांचे पाच हजार रुपयेही वाचावेत. परदेशी निघालेल्या मुलाला केवळ ‘बाबासाहेबांसारखा हो’ असे सांगून भागणार नाही. त्याच्या खोलीचे भाडे कोण देणार, हे ठरवणे चळवळीचे काम आहे.