दिल्लीच्या लाल किल्ल्यांतील बराकी

दिल्लीचा लाल किल्ला पाहावयास जाणारा मनुष्य लाहोरी दरवाजानें आंत शिरतो, छत्ता चौकांतील दुकानें ओलांडून नौबतखान्याखालून दिवाण-इ-आमकडे जातो, आणि तेथून पुढें नदीच्या बाजूचे संगमरवरी महाल पाहून परततो. किल्ल्याच्या ह्याच आवारांत मोठमोठ्या कमानदार पडव्यांच्या उंच मजलेदार इमारती उभ्या आहेत. त्यांच्याकडे तो एक तर पाहत नाहीं, किंवा पाहिल्यास 'ह्या इंग्रजांच्या' असें म्हणून पुढें चालूं लागतो. प्रस्तुत लेखाचा विषय ह्या उपेक्षित इमारती हाच होय. शहाजहानाच्या महालांविषयीं आजवर विपुल लेखन झालें आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. जुन्या दप्तरांतील कागद जसा आपण तपासतों, त्याचा काळ, हेतु आणि त्यावरील खाडाखोड जशी पाहतों, तशीच ही बराकहि तपासली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. 'बराक' हा शब्द मराठींत इंग्रजीमार्गें आला. त्याचें मूळ स्पॅनिश-इटालियन भाषांत असून अर्थ शिपायाची झोंपडी किंवा तंबू एवढाच होता. आपल्या संस्कृत ग्रंथांत 'शिबिर', 'स्कंधावार' असे शब्द आढळतात, परंतु त्यांत आज येथें, उद्यां तेथें अशा चालत्या सैन्याची कल्पना प्रधान आहे. जिंकलेल्या राजधानीच्या ऐन मध्यभागीं चुन्याविटांचीं पक्कीं घरें बांधून फौज कायमची बसविणें ही कल्पना निराळी. झोंपडीचा शब्द पक्क्या इमारतीस लागला, ह्यांतच एका राज्यपद्धतीचा इतिहास सांठवलेला आहे.

किल्ल्याचें काम १६३९ सालीं सुरू होऊन १६४८ सालीं पुरें झालें. तटाचा घेर सुमारें अडीच किलोमीटर. त्यानंतर ह्या वास्तूची लूट अनेकांनीं केली. १७३९ सालीं नादीरशहानें मयूरासन नेलें. १७६० च्या ऑगस्टांत सदाशिवरावभाऊंनीं दिल्ली घेतल्यावर दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत काढून त्याचीं नाणीं पाडविलीं; त्यांतून सुमारें नऊ लक्ष रुपये निघाले असें सांगतात. आमच्याकडील कांहीं लेखक हा प्रसंग दोन ओळींत आटोपतात, तें बरें नव्हे. फौजेचा पगार तुंबला होता, खजिना रिकामा होता, ह्या गोष्टी खऱ्या. पण छत काढलें हेंहि खरेंच. पुढें १७८८ सालीं गुलाम कादरानें शहाआलम बादशहाचे डोळे काढले, आणि पुरलेल्या द्रव्याच्या आशेनें महालांच्या जमिनी खणून काढल्या. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत महादजी शिंद्यांच्या फौजेनें राणेखानाच्या हाताखालीं किल्ला सोडविला, आणि १८०३ सालीं लॉर्ड लेक दिल्लींत येईपर्यंत तेथें शिंद्यांचा अंमल राहिला. हें सर्व येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, ह्या लुटारूंनीं धातु नेला, रत्नें नेलीं, फरशा उखडल्या, तरी वाड्याची मांडणी कायम राहिली. चौक चौकाच्या जागीं होता, आणि कालवा महालांतून वाहत होता तो कोठून कोठें, हें डोळ्यांस दिसत होतें.

ही मांडणी नष्ट झाली ती १८५७ नंतर. त्या वर्षीं २० सप्टेंबर रोजीं इंग्रजी फौजेनें किल्ला घेतला. १८५८ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत दिवाण-इ-खासमध्येंच वृद्ध बहादुरशहाची चौकशी झाली. त्यास रंगूनास पाठविण्यांत आलें, आणि तेथें १८६२ च्या नोव्हेंबरांत तो वारला. दिवाण-इ-आमच्या दक्षिणेस जनानखान्याचे व खाजगी वापराचे चौक होते. जेम्स फर्ग्युसन ह्या वास्तुशास्त्राच्या इतिहासकारानें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या भागाचें क्षेत्र युरोपांतील कोणत्याहि राजवाड्याच्या दुपटीहून अधिक होतें असें लिहिलें आहे. हा सारा भाग इंग्रजांनीं भुईसपाट केला आणि मोकळ्या जागेंत बराकी उठविल्या. किल्ल्याबाहेरहि तोफांच्या माऱ्यास मैदान राहावें म्हणून तटाभोंवतींची वस्ती उठविण्यांत आली. अकबराबादी मशीद त्याच वेळीं गेली.

फर्ग्युसनानें आपल्याच देशबांधवांवर ह्या प्रकरणीं कडक टीका केली आहे. पाडापाडीपेक्षांहि त्याचा अधिक रोष दुसऱ्या एका गोष्टीवर दिसतो. जें पाडावयाचें त्याचा निदान नकाशा तरी काढून ठेवावा, इतकेंहि पाडणारांस वाटलें नाहीं. राज्यकर्त्यांच्या हाताशीं त्या वेळीं उत्तम इंजिनियर होते, मोजणीचीं यंत्रें होतीं, छायाचित्र काढण्याची कलाहि हिंदुस्थानांत येऊन पोंचली होती. तरीहि त्या लुप्त चौकांची कल्पना देण्यासाठीं फर्ग्युसनास कोणा देशी चिताऱ्यानें पूर्वीं काढलेल्या व आपल्या संग्रहीं असलेल्या एका नकाशाचा आधार घ्यावा लागला. त्या नकाशांत तीन बागा आणि तेराचौदा इतर चौक दाखविलेले होते. साम्राज्याच्या इंजिनियर खात्यास जें सुचलें नाहीं, तें एका अनाम चिताऱ्याच्या कागदानें भागविलें.

आतां बराकींच्या रचनेकडे वळूं. एवढ्या मोठ्या, उंच आणि हवेशीर इमारती शिपायांसाठीं कां बांधल्या, हा प्रश्न पाहणाऱ्यास पडत नाहीं; पण पडावयास हवा. हिंदुस्थानांतील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठीं १८५९ सालीं एक राजकीय आयोग नेमला गेला, आणि त्याचा अहवाल १८६३ सालीं बाहेर पडला. ह्या कामीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या बाईंनीं फार परिश्रम घेतले. पूर्वींच्या काळांत येथील गोऱ्या शिपायांपैकीं दर हजारीं ६९ दर वर्षीं मरत, असा हिशेब त्यांत निघाला. आणि ह्यांतील बहुतेक मरण तरवारीनें नसून ताप, हगवण, पटकी ह्यांनीं येई. दाट वस्ती, कोंडलेली हवा, ओलसर जमीन हीं कारणें धरून पुढील बराकींविषयीं नियम ठरले. निजण्याची जागा वरच्या मजल्यावर असावी, माणशीं ठराविक घनफूट हवा मिळावी, उन्हाच्या बाजूस रुंद पडवी असावी, आणि समोरासमोर दारेंखिडक्या ठेवून वारा खेळता ठेवावा. त्या काळच्या पक्क्या बराकींत आपल्यास जी भव्यता दिसते, तिच्यामागें शोभेचा विचार थोडा आणि मृत्यूच्या आंकड्यांचा विचार पुष्कळ आहे. त्यांची कमान ही कलाकृति म्हणून पाहूं गेल्यास निराशा होईल. आरोग्यशास्त्राचा पुरावा म्हणून पाहिल्यास ती बरेंच सांगते.

जे महाल वांचले, त्यांचीहि फौजेनें सोय लावली. दिवाण-इ-आमचें इस्पितळ झालें. मुमताज महाल प्रथम तुरुंग व मग सार्जंटांचा भोजनकक्ष बनला. दिवाण-इ-आममधील सिंहासनामागच्या भिंतीवरचे रंगीत दगडी जडावाचे तक्ते एका इंग्रज अंमलदारानें काढून नेले आणि आपल्याच सरकारास ५०० पौंडांस विकले. तें सरकारहि आनंदानें तीं रक्कम मोजून मोकळें झालें. लॉर्ड कर्झनानें १९०३ च्या सुमारास ते लंडनच्या संग्रहालयांतून परत आणविले, आणि फ्लॉरेन्सच्या एका कारागिराकडून बसवून घेतले. बागांची डागडुजी झाली, आणि १९११ सालीं मुमताज महालांत संग्रहालय उघडलें. गॉर्डन सँडर्सन ह्या अधिकाऱ्यानें किल्ल्यांतील इमारती व बागा ह्यांवर मार्गदर्शक पुस्तक लिहिलें तेंहि ह्याच काळांत. एकाच तटाच्या आंत एक खातें जीर्णोद्धार करीत होतें आणि दुसरें खातें कवायत करीत होतें, हा चमत्कार मात्र पुढें नव्वदांहून अधिक वर्षें चालू राहिला.

बराकींस आमच्या राष्ट्रीय इतिहासांत स्थान मिळालें तें १९४५ सालीं. आझाद हिंद सेनेचे अधिकारी शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन ह्यांच्यावरील लष्करी खटला ५ नोव्हेंबर रोजीं येथील एका बराकींत उभा राहिला. बचावाच्या बाजूनें मुख्य भाषण मुंबईचे नामांकित वकील भुलाभाई देसाई ह्यांनीं केलें. जवाहरलाल नेहरू अनेक वर्षांनीं वकिलाचा झगा घालून बसले. पारतंत्र्यांतील प्रजेस स्वातंत्र्यासाठीं युद्ध पुकारण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्यानें आहे, हा देसाई ह्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९४६ च्या जानेवारीच्या आरंभीं आरोपींस जन्मठेपेची शिक्षा जाहीर झाली, आणि सरसेनापति ऑकिनलेक ह्यांनीं लागलीच ती माफ केली. बहादुरशहाची चौकशी झाली त्याच किल्ल्यांत हा खटला चालविण्याची निवड सरकारनें जरब बसविण्यासाठीं केली असेल. परिणाम नेमका उलट झाला. १६ ऑगस्ट १९४७ रोजीं लाहोरी दरवाजावर नेहरूंनीं तिरंगा फडकविला. गांधीवधाचा खटलाहि १९४८-४९ सालीं ह्याच किल्ल्यांत भरलेल्या विशेष न्यायालयापुढें चालला. त्यांतील आरोपींपैकीं बहुतेक महाराष्ट्रीय होते, हें महाराष्ट्राच्या इतिहासलेखकांस विसरतां येणार नाहीं.

स्वातंत्र्यानंतर बराकींत इंग्रजी पलटणींच्या जागीं हिंदी पलटणी आल्या. २२ डिसेंबर २००० रोजीं रात्रीं अतिरेक्यांनीं किल्ल्यांतील फौजेवर हल्ला केला. २००३ च्या डिसेंबरांत लष्करानें किल्ला पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन केला, आणि २००७ सालीं त्याची जागतिक वारशाच्या यादींत गणना झाली. रिकाम्या बराकींचें करावें काय, हा प्रश्न तेव्हां उभा राहिला. २३ जानेवारी २०१९ रोजीं त्यांतील चार इमारतींत संग्रहालयें उघडलीं. एक सुभाषचंद्र बोस व आझाद हिंद सेना ह्यांचें, एक जालियनवाला बाग व पहिलें महायुद्ध ह्यांचें, एक १८५७ च्या युद्धाचें, आणि एक चित्रकलेचें.

ह्यावर पूर्वपक्ष असा संभवतो : बराकी ह्या परक्यांनीं वाड्याच्या छातीवर उभारलेल्या, त्या पाडून मोगल बागा व चौक पुन्हां उभारावेत, म्हणजे मूळ रूप प्रकट होईल. हें ऐकावयास गोड असलें तरी मान्य करणें कठीण आहे. मूळ रूप कोणत्या आधारावर उभारणार? ज्या चौकांचें माप कोणी घेतलें नाहीं, त्यांच्या भिंती एका चिताऱ्याच्या नकाशावरून बांधल्यास निघेल तें आमच्या काळचें चित्र असेल, शहाजहानाचें नव्हे. आणि बराक पाडली कीं १८५७ नंतर काय झालें ह्याचा सर्वांत मोठा, दगडविटांत लिहिलेला कबुलीजबाब आपणच फाडून टाकला असें होईल. म्हणून बराकी राखून त्यांत संग्रहालयें केलीं हें उचित झालें, असें आमचें मत आहे.

परंतु येथें एक उणीव राहते. चार संग्रहालयांचे चारहि विषय योग्य आहेत, पण त्यांत बराक हा विषय नाहीं. तेथें इमारत केवळ पेटी झाली आहे, आंतील वस्तु निराळी. जेथें शिपाई निजत, त्या दालनाची लांबीरुंदी किती, माणशीं किती हवा येई, कोणती भिंत नंतरची, पायांत जुन्या वाड्याचे दगड आहेत काय, ह्या गोष्टी दालनांत चौकटी, दिवे आणि पडदे बसविण्यापूर्वींच मोजून, टिपून घ्यावयाच्या असतात. अद्याप ज्या बराकी रिकाम्या आहेत, त्यांत तरी हें काम आधीं व्हावें. आणि फर्ग्युसनानें छापलेला तो देशी नकाशा आजच्या मोजणीच्या नकाशावर एकाच मापानें मांडावा. म्हणजे तेरा चौकांपैकीं कोणता चौक कोणत्या बराकीखालीं आहे, आणि कोणत्या ठिकाणीं खणल्यास त्याचा पाया लागण्याचा संभव आहे, हें ठरवितां येईल.