गालिच्याची मागची बाजू

काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिने नवे घर घेतले होते आणि बैठकीच्या खोलीसाठी जुन्या सामानाच्या एका लिलावातून इराणी गालिचा आणला होता. गडद लाल जमीन, तिच्यावर विखुरलेले फुलांचे गुच्छ, कडेला निळी किनार. विकणाऱ्याने सांगितले होते, ‘हा सारुकचा गालिचा, ऐंशी-नव्वद वर्षांचा, अस्सल हातविणीचा.’ लेकीने तीन महिन्यांची बचत त्यात घातली होती. मी सवयीने एक कोपरा उचलून उलटा केला आणि चरकलो. वरून डाळिंबी दिसणारा गालिचा मागून चक्क फिकट गुलाबी होता! मी पटकन बोलून गेलो, ‘अगं, तू फसलीस. हा वरून रंगवलेला आहे.’

तिचा चेहरा उतरला. ‘म्हणजे खोटा आहे का हो, बाबा?’ तिने विचारले.

या प्रश्नाचे खरे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

सुरुवात शब्दापासून करू. फारसीत मोठ्या गालिच्याला ‘काली’ म्हणतात आणि लहानाला ‘कालीचा’. तोच आपला गालिचा. गालिचे, तंबू, जाजमे अंथरणारा तो फर्राश. त्याच्या कोठाराचे नाव पुण्यातल्या फरासखाना पोलीस ठाण्याला आजही चिकटून आहे. म्हणजे वस्तू परकी असली तरी शब्द आपल्या घरात कधीच येऊन बसले आहेत.

गाठी मारून गालिचा विणण्याची कला फार जुनी आहे. सैबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक येथे बर्फात गोठलेल्या एका थडग्यात १९४९ साली सर्गेई रुदेंको यांना एक गालिचा सापडला. तो सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. जेमतेम दोन मीटर लांबीचा हा तुकडा आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. पण आपण ज्याला ‘पर्शियन गालिचा’ म्हणतो त्याचे वैभव सफावी राजवटीतले, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातले. तेव्हाही परदेशी गिऱ्हाईक होतेच. १६०१ साली पोलंडच्या राजाने सेफेर मुरातोविच नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याला काशानला पाठवून आपल्यासाठी गालिचे विणवून घेतले होते.

या काळातला सर्वांत प्रसिद्ध गालिचा आर्दबीलचा. शेख सफी यांच्या दर्ग्यातला. त्यावर विणलेले साल आहे हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०, आणि नाव आहे मकसूद काशानी. लांबी साडेदहा मीटर, रुंदी सव्वापाच मीटरच्या वर आणि गाठी सुमारे दोन कोटी साठ लाख. एका माणसाने दिवसाला आठ हजार गाठी मारल्या असे धरले, तरी एकट्याला एकही सुटी न घेता जवळजवळ नऊ वर्षे लागतील. अर्थात असे काम एकट्याचे नसते. मागावर माणसे खांद्याला खांदा लावून बसतात.

हा गालिचा १८९३ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने दोन हजार पौंडांना विकत घेतला. नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी तो आधी पाहून शिफारस केली होती. आज त्याच संग्रहालयाचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आहे. तिथे २००६ पासून हा गालिचा काचेच्या दालनात जमिनीवर पसरून ठेवला आहे. रंग उडू नयेत म्हणून त्यावर दिवे लागतात तेही ठरावीक वेळी, मोजून दहा मिनिटे.

मात्र या खरेदीची दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. आर्दबीलचे गालिचे मुळात दोन होते, जुळ्यासारखे. दोन्ही झिजले होते. एक संपूर्ण दिसावा म्हणून दुसऱ्याचे तुकडे कापून पहिल्याला जोडण्यात आले. किनार गमावलेला तो दुसरा गालिचा पुढे जे. पॉल गेटी या तेलसम्राटाकडे गेला आणि १९५३ पासून लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. म्हणजे जगातला सर्वांत नावाजलेला ‘अस्सल’ गालिचासुद्धा गिऱ्हाइकासाठी दुरुस्त केलेला आहे, आणि त्याची किंमत त्याच्या भावंडाने मोजली आहे.

आता घराघरांतल्या गालिच्यांकडे वळू. आज बाजारात ‘जुना इराणी’ म्हणून जे मिळते ते बहुतेक सगळे गेल्या दीडशे वर्षांतले असते. त्यामागे एक आर्थिक गोष्ट आहे. इराणची मुख्य निर्यात होती रेशीम. १८६०च्या दशकात रेशमाच्या किड्यांवर रोग पडला आणि तो व्यापार कोसळला. त्याच सुमाराला युरोपात पौर्वात्य वस्तूंची हौस वाढत होती. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाने त्यात भर घातली. मँचेस्टरची झीगलर कंपनी इराणात कापड विकत असे. विक्रीचा पैसा परत नेण्यासाठी तिला एखादा माल हवा होता. तो तिला गालिच्यांत सापडला. सुलतानाबाद, म्हणजे आजचे अराक, येथे तिने ठाण मांडले. रंगवलेली लोकर आणि नक्षीचे कागद कंपनीचे, माग गावकऱ्यांच्या घरात, आणि विणणाऱ्या बहुतेक बायका. इराणी घरातले गालिचे लांबट आणि अरुंद असत. इंग्रज दिवाणखान्याला रुंद हवे होते. गालिचा रुंद झाला, नक्षी मोठी झाली, रंग सौम्य झाले.

याच काळात कृत्रिम ॲनिलीन रंग आले. तोवर लाल रंग मंजिष्ठेचा, निळा निळीचा, पिवळा-तपकिरी डाळिंबाच्या आणि अक्रोडाच्या सालींचा. त्यातली बरीचशी नीळ हिंदुस्थानातून जात असे. ॲनिलीन स्वस्त, पण उन्हात उडणारा आणि पाण्यात फुटणारा. काजार सरकारने त्याच्या आयातीवर बंदी घातली. ती पुरती अमलात आली नाही, पण आपल्या मालाची पत रंगावर अवलंबून आहे हे त्या सरकारने ओळखले होते.

पहिल्या महायुद्धानंतर मोठे गिऱ्हाईक अमेरिका झाले, आणि इथेच माझ्या लेकीच्या गालिच्याची कथा सुरू होते. सारुक हे अराकजवळचे गाव. त्याच्या नावाने ओळखले जाणारे जाड लोकरीचे, फुलांच्या गुच्छांचे गालिचे त्या परिसरात अमेरिकेसाठी विणले जाऊ लागले. त्यांची मूळ जमीन गुलाबी. अमेरिकी घरांत मात्र गडद लाकडी सामान होते, त्याला गुलाबी शोभेना. मग न्यूयॉर्कमध्ये उतरल्यावर हे गालिचे रसायनाने धुतले जात. त्याने गुलाबी फिका पडे आणि लोकरीला चकाकी येई. नंतर कारागीर बसून, हाती कुंचला घेऊन, फुले वगळून फक्त जमीन गडद लाल रंगवीत. रंग खालपर्यंत पोचत नसे. म्हणून मागची बाजू गुलाबीच राही. १९२०च्या दशकात असे असंख्य गालिचे रंगवले गेले. जाणकार त्यांना ‘रंगवलेले सारुक’ म्हणूनच ओळखतात.

तेव्हा लेकीची फसवणूक झाली होती का? गालिचा हातविणीचा होता, इराणीच होता, वयही बरोबर होते. मागून आडव्या धाग्यांत सारुकची ओळखीची निळसर छटाही होती. फक्त त्याच्यावर एका अमेरिकी दशकाची आवड चढली होती. ‘फसलीस’ हा माझा शब्द चुकीचा होता.

जुना गालिचा घेताना पाहायचे काय, असे मला अनेक जण विचारतात. पहिली गोष्ट, पालथा करून पाहा. हातविणीत नक्षी मागेही तेवढीच स्पष्ट उमटते आणि गाठी किंचित वेड्यावाकड्या असतात. दुसरी, झालर पाहा. ती गालिच्याच्या उभ्या धाग्यांचीच शेवटे असते. ती वेगळी शिवलेली असेल तर एकतर माल यंत्राचा, नाहीतर टोक दुरुस्त केलेले. तिसरी, पांढरा रुमाल ओला करून घासा आणि रंग लागतो का ते बघा. एकाच रंगात फिकट-गडद पट्टे दिसले तर तो दोष समजू नका. लोकर थोडी-थोडी रंगवली जाई, प्रत्येक घाण्याची छटा निराळी येई. आणि गडद तपकिरी भाग इतरांपेक्षा जास्त झिजलेला असेल तर उलट बरे वाटू द्या. त्या रंगासाठी वापरलेले लोह लोकर खाते, आणि त्याला वर्षे लागतात.

विणलेल्या तारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. फारसी तीनच्या आकड्याला वर तीन दात असतात, दोनला दोन. एका दातापुरत्या गाठी खुडून बदलल्या की हिजरी १३२० चे १२२० होतात आणि गालिचा एका क्षणात शंभर वर्षांनी म्हातारा होतो! गाठींच्या संख्येचेही तसेच. काही ठिकाणी दोनऐवजी चार उभ्या धाग्यांवर एक गाठ मारून मेहनत निम्मी करतात, तिला ‘जुफ्ती’ म्हणतात. असा गालिचा लवकर झिजतो. दाट गाठी बारीक नक्षीसाठी लागतात हे खरे, पण भटक्या टोळ्यांचे विरळ गाठींचे गालिचेही तितकेच देखणे असतात.

पण एक गोष्ट पालथे करूनही दिसत नाही, ती म्हणजे विणणारा हात. बारीक गाठींना लहान बोटे सोयीची, असे म्हणत पिढ्यान्पिढ्या मुलांना मागावर बसवले गेले. केरमानच्या अंधाऱ्या, दमट कारखान्यांची स्थिती इतकी वाईट होती की जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपर्यंत तक्रार गेली. १९२३ साली तिथल्या हुकमाने दिवसाचे काम आठ तासांवर आणले आणि कामाचे किमान वय ठरवले : मुलग्यांना आठ, मुलींना दहा. तिसरीतल्या मुलाला मागावर बसवणे ही ज्या काळातली सुधारणा, त्याच काळात लेकीचा गालिचा विणला गेला. तो कोणी विणला हे आता कळायचे नाही. नाव विणायचा मान मकसूद काशानीला मिळाला, या हातांना नाही.

राजकारणाचीही या गालिच्यांना झळ बसली. अमेरिकेने इराणी गालिच्यांवर १९८७ साली बंदी घातली, २००० साली उठवली, २०१० मध्ये पुन्हा घातली, २०१६ मध्ये उठवली आणि २०१८ मध्ये परत लादली. प्रत्येक वेळी अमेरिकेत आधीपासून असलेल्या जुन्या गालिच्यांकडे लोक वळले आणि इराणातल्या मागांवरचे काम आटले. २०१० सालीच युनेस्कोने फार्स आणि काशानच्या गालिचाकलेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सतराव्या शतकातला एक गालिचा तीन कोटी सदतीस लाख डॉलरना गेला. वारसा म्हणून गौरव, लिलावात विक्रम आणि विणणाऱ्याला गिऱ्हाईक नाही, असे तिन्ही एकाच काळात घडले.

परत येण्याआधी मी लेकीला हे सगळे सांगितले. वरचा लाल रंग उतरवून मूळ गुलाबी काढून देणारे कारागीर आता तिथे आहेत. तिने विचार केला आणि नको म्हणाली. ‘तोही कोणीतरी हातानेच दिलाय ना, बाबा,’ असे तिचे म्हणणे. मला ते पटले. फक्त एक बदल तिने केला. पाहुणे आले की ती आता ‘ऐंशी-नव्वद वर्षांचा अस्सल’ असे सांगत नाही. खाली वाकते, कोपरा उचलते आणि आधी मागची बाजू दाखवते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)