अश्वतरीची कूस

मागच्या वर्षी सातवीच्या वर्गावर मी १९९९ च्या कारगिल युद्धाविषयी बोलत होतो. जिथे मोटार जात नाही अशा चढणीवर दारूगोळा आणि शिधा खेचरांच्या पाठीवरून गेला, असे सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, मग खेचरांची पिल्लं कुठं ठेवतात?" मी म्हणालो, "खेचराला पिल्लू होत नाही." "मग खेचरं येतात कुठून?" वर्ग हसला. घोडी आणि गाढव यांची हकीकत शिक्षकाला सांगता येते तितक्या मोघमपणे सांगून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. त्याला घरातले एक कारण होते. ते पुढे येईलच.

विज्ञानात माझी धाव शालान्त परीक्षेपर्यंतची. त्यामुळे मी प्रथम वळलो तो जुन्या ग्रंथांकडे. ऐतरेय ब्राह्मणात देवांच्या शर्यतीची एक कथा आहे. तीत इंद्र घोड्यांच्या रथातून धावला, अश्विनीकुमार गाढवांच्या रथातून, आणि अग्नी धावला खेचरींच्या रथातून. त्यांना हाकताना अग्नीने त्यांच्या योनी जाळल्या. म्हणून, ब्राह्मणकार म्हणतो, त्या गर्भ धरीत नाहीत. पुढच्या संस्कृत वाङ्मयात याच अश्वतरीचा दृष्टांत झाला. ती गर्भ धरते ती स्वतःच्या मरणासाठीच, असे नीतिकार दुष्टांना धाक घालताना सांगत आले. म्हणजे न व्याली तर शापित, आणि व्याली तर मेली! तिकडे ग्रीकांकडेही तेच. दरायस राजाने बाबिलोनला वेढा घातला तेव्हा तटावरून एकाने टोमणा मारला की, खेचरी व्यायल्या तरच हे शहर तुमच्या हाती पडेल. पुढे झोपिरस नावाच्या सरदाराची खेचरी खरेच व्याली आणि शहर पडले, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. रोमन लोक तर 'कधीच नाही' असे म्हणायचे असले की 'खेचरी विईल तेव्हा' असे म्हणत.

यातले इंगित विसाव्या शतकात कळले. घोड्याच्या पेशीत गुणसूत्रे ६४, गाढवाच्या ६२. खेचराच्या वाट्याला येतात ६३. बीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, आणि दोन निराळ्या जातींची ही ६३ गुणसूत्रे जुळता जुळत नाहीत. अग्नीने काही जाळलेले नव्हते. हिशेब लागत नव्हता, एवढेच. क्वचित तोही लागतो, आणि खेचरी व्याल्याची मोजकी उदाहरणे आधुनिक काळातही नोंदलेली आहेत.

हा प्रश्न परळच्या वर्गात विचारला गेला हे मात्र यथायोग्यच झाले. आज परळ-लालबागेत घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत; पण ही मुंबई एके काळी घोड्यांचीच होती. इराणी आखातातून गलबतांनी अरबी घोडे येत आणि भेंडीबाजाराकडच्या तबेल्यांत त्यांचे सौदे होत. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी पहिली ट्राम निघाली ती घोड्यांनी ओढली. विजेची ट्राम १९०७ साली आली. पुढे घोड्याच्या वाट्याला व्हिक्टोरिया तेवढी उरली, आणि २०१५ साली उच्च न्यायालयाने तीही बेकायदा ठरवली.

घोडे आले म्हणजे त्यांचे वैद्यही आले. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, आणि १८८६ साली त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांनी त्याच्या आदल्याच वर्षी ब्रह्मदेशात लष्करी खेचरांना पछाडणाऱ्या 'सरा' नावाच्या रोगाचा शोध घेतला होता. म्हणजे परळचा आणि खेचराचा संबंध आमच्या सातवीच्या वर्गापेक्षा पुष्कळच जुना! तेथून जवळच जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात १८९९ पासून हाफकिनची प्रयोगशाळा आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचा उतारा हाफकिनने घोड्यांच्या रक्तातून काढला. कोकणातल्या किती घरांत त्या अनामिक घोड्यांचे उपकार आहेत, याची मोजदाद कोण करणार?

आणि याच टापूत केईएम इस्पितळ आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी तेथे एक मुलगी जन्मली. आईचे बीज शरीराबाहेर काढून, काचेच्या बशीत त्याचा शुक्रजंतूशी संयोग घडवून, तो गर्भ आईच्या कुशीत परत ठेवला होता. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजननसंशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे हे यश. देशातले पहिले म्हणून ते तेव्हा गाजले. परंतु कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच हे साधले होते. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, उलट चौकशी नेमली, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांची टिपणे तपासून पहिलेपणाचा मान मुखर्जींचा, असे १९९७ साली जाहीर केले ते आनंदकुमार यांनीच. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट उतरवून मृताच्या डोक्यावर ठेवणारी माणसे शास्त्रातही विरळाच.

त्या १९८६ साली मी पहिलीत होतो. आम्ही लालबागच्या चाळीत राहत असू. माझी थोरली काकी तेव्हा सदतीस वर्षांची होती. लग्नाला अठरा वर्षे झालेली, आणि मूल नाही. चाळीत कुणाचे डोहाळजेवण असले की सकाळपासून भांडी घासायला काकी, आणि संध्याकाळी ओटी भरताना काकीला वगळून बाकी सगळ्या. नळावरच्या भांडणात एका बाईने तिला 'खेचरीण' म्हटलेले मी या कानांनी ऐकले आहे. अर्थ तेव्हा कळला नाही. काकीने भरलेली कळशी उचलली आणि ती निघून गेली, तेवढे आठवते. वर्तमानपत्रात त्या मुलीचा फोटो आला तेव्हा काकी कुणाला न सांगता केईएमच्या दरवाजापर्यंत चालत गेली, समोरच्या फुटपाथावर बराच वेळ उभी राहिली आणि परत आली. आत जाऊन विचारायचे तरी काय? १९८२ च्या संपात काकांची गिरणी सुटली होती. घर चालत होते ते काकीच्या खानावळीच्या डब्यांवर. हे तिने मला सांगितले ते पुष्कळ वर्षांनी.

असो. मला वाटत होते, ही विद्या आधी जनावरांत सिद्ध झाली असेल, मग माणसांत आली असेल. सशांच्या बाबतीत ते खरे आहे. चँग यांनी १९५९ साली सशाचे बीज काचेत फळवले. माणसाचे मूल १९७८ साली इंग्लंडात जन्मले, वासरू १९८१ साली अमेरिकेत. घोडी मात्र बधेना. १९९० च्या सुमारास फ्रान्समध्ये दोन शिंगरे काचेतून जन्मली, आणि मग त्या वाटेने तीस वर्षे कोणालाच जाता आले नाही.

घोडीचे शरीर एकूणच मोठे हट्टी. गाईला औषध टोचले की ती एका वेळी अनेक बीजे देते. घोडी बहुधा एकच. तिच्या बीजकोशाला बीज सोडण्यासाठी एकच खळगी असते. याहून नवल पुढे आहे. बीज फळले नाही तर ते गर्भाशयात उतरतच नाही, बीजवाहिनीत महिनोन्‌महिने पडून राहते. फळले, तरच सुमारे सहाव्या दिवशी तो चिमुकला गर्भ स्वतः एक द्रव्य सोडून वाट मोकळी करून घेतो. आत आल्यावरही तो एका जागी बसत नाही. सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयभर फिरत राहतो. जणू आपण आलो आहोत अशी वर्दी घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात देतो. ही वर्दी पोचली नाही तर घोडी तो गर्भ टिकवीत नाही.

पण याच सवयीमुळे एक सोपी वाट निघाली. सातव्या-आठव्या दिवशी गर्भाशय क्षाराच्या पाण्याने धुऊन काढले की गर्भ अलगद हाती लागतो, आणि तो दुसऱ्या घोडीच्या पोटात ठेवता येतो. जपानी शास्त्रज्ञांनी १९७४ साली असे शिंगरू जन्माला घातले. जातिवंत घोडी शर्यतीत किंवा पोलोत धावत राहते, आणि अकरा महिन्यांचे ओझे दुसरीच वाहते. काचेच्या बशीचे कोडे सुटेना, तेव्हा लोकांनी त्याला वळसा घातला. १९९६ साली कोलोरॅडोत बारीक काचसुईने एकच शुक्रजंतू बीजात टोचून शिंगरू मिळवले, आणि पुढे तीच रीत रूढ झाली. मूळ कोडे सुटले ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, २०२२ च्या सुमारास. घोड्याच्या शुक्रजंतूंना तयारीला फार वेळ लागतो. माणसाच्या शुक्रजंतूंना काही तास पुरतात. यांना खास द्रावणात बावीस तास ठेवले, तेव्हा कुठे ते आपण होऊन बीजात शिरले. तीस वर्षांची अडचण होती ती घाईची!

आपल्याकडे बिकानेरच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात १९ मे २०२३ रोजी उसन्या आईच्या पोटी मारवाडी जातीची शिंगी जन्मली. तिचे नाव 'राजप्रथमा'. पुढे गोठवून ठेवलेल्या गर्भातून 'राजहिमानी' जन्मली. मराठ्यांच्या फौजा जिच्यावर दौडल्या ती भीमथडीची घोडी संपली, असे इंग्रजांच्या काळापासून आपण ऐकत आलो. ती संपलेली नाही, भटक्या मेंढपाळांच्या तळावर सामान वाहते आहे. स्वतंत्र जात म्हणून तिची सरकारदरबारी नोंदही अलीकडे झाली. बिकानेरची विद्या भीमेकाठी यावी असे मला फार वाटते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मात्र यातले काहीच चालत नाही. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या वंशवहीत नोंद व्हायची तर घोडा आणि घोडी यांचा प्रत्यक्ष संबंधच झाला पाहिजे, आणि जिचे बीज तिनेच शिंगरू प्रसवले पाहिजे. कुळाचा कडकपणा आपण मुलीच्या पत्रिकेत पाहतो. तो घोड्यांतही आहेच.

आता पुन्हा खेचराकडे. ४ मे २००३ रोजी अमेरिकेत आयडाहो विद्यापीठात एका घोडीच्या पोटी 'आयडाहो जेम' नावाचे खेचर जन्मले. ते कोणत्याही गाढवापासून झाले नव्हते. खेचराच्या गर्भाची पेशी घेऊन, घोडीच्या रिकाम्या केलेल्या बीजात ती बसवून, त्या गर्भाची हुबेहूब दुसरी प्रत काढली होती. घोड्याचा क्लोन इटलीत क्रेमोना येथे जन्मला तो त्याच महिन्याच्या २८ तारखेला. ज्याला वंश नाही असे सारे जग म्हणत आले, त्या खेचराने घोड्यावर चोवीस दिवसांची आघाडी घेतली. २००६ साली तेच आयडाहो जेम नेवाडात खेचरांच्या शर्यतीत धावलेही.

परंतु मला अधिक मोलाचे वाटले ते दुसरेच. खेचरीला बीज नसते, पण गर्भाशय असते आणि ते धडधाकट असते. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी घोडीचा गर्भ खेचरीच्या पोटात ठेवून पाहिला, गाढवीचाही ठेवला. दोन्ही तिने पूर्ण दिवसांपर्यंत वाढवले. गाढवीचा गर्भ घोडीच्या पोटात ठेवला तर तो बहुधा तिसऱ्या महिन्याच्या आसपास गळून पडतो. खेचरीला आपपर काही नाही. २००३ साली इटलीत पिसा येथे याच कामाचा पुढचा प्रयोग झाला, आणि ब्राझीलमध्येही खेचरी उसन्या आया म्हणून वापरात आल्या. पाळी नीट नसलेल्या खेचरीलाही थोडे दिवस औषध दिले की भागते. ती विते, दूध पाजते, शिंगराला चाटून कोरडे करते.

आणखी एक धागा सापडला. गाभण घोडीच्या रक्तात बीजकोशाला चेतवणारे एक द्रव्य असते, हे १९३० साली कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट यांनी दाखवले. मूल नसलेल्या बायकांना ते काही काळ टोचत असत. परक्या रक्ताला शरीर विरोध करू लागे, म्हणून ते मागे पडले. माणसाच्या पाळण्यासाठी घोडीने रक्त दिले होते, इतके खरे.

काकी आता शहात्तर वर्षांची आहे. चाळीच्या जागी टॉवर झाला, आणि आम्हाला मिळालेल्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात ती माझ्याकडेच असते. माझी आई लवकर गेली. मला आणि धाकटीला वाढवले ते तिनेच. दिवाळीच्या आधी करंज्या भरताना मी तिला हे सगळे सांगितले. 'खेचर' हा शब्द तिच्यासमोर उच्चारताना जीभ अडखळली. पण तिने मान वर केली नाही, ती सारण भरत राहिली. घोडीचा गर्भ खेचरीच्या पोटी वाढला, इथपर्यंत आलो तेव्हा तिचा हात थांबला.

"मग त्या शिंगरानं आई कुणाला म्हटलं रे?"

"जिनं दूध पाजलं तिला. दुसरी त्याला ठाऊकच नव्हती, काकी."

काकीने करंजीची कड दुमडून घेतली, ताट माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, "तेल तापलंय बघ. बारीक कर."