हैदराबाद मुक्तिसंग्रामातील स्वातंत्र्यसैनिकांचे सन्मान निवृत्तिवेतन आणि विलंबाचा प्रश्न : बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला, तरी निजामाच्या राजवटीतील मराठवाड्याला आणखी तेरा महिने संघर्ष करावा लागला. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. या लढ्यात सहभागी झालेल्या अनेकांना पुढे आपला सहभाग सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र भारताच्या कार्यालयांत व न्यायालयांत दुसरा लढा द्यावा लागला. हा विलंब केवळ प्रशासकीय दिरंगाईतून निर्माण झाला की त्याची मुळे पुराव्याच्या स्वरूपातच होती, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लढ्याचे स्वरूप :
बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई, म्हणजे तत्कालीन मोमिनाबाद, हे मुक्तिसंग्रामाचे एक महत्त्वाचे केंद्र होते. स्वामी रामानंद तीर्थ यांनी १९३५ पासून येथील शैक्षणिक कार्याची धुरा सांभाळली. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, तेव्हा सत्याग्रहींना उघडपणे अटक होत असे व तिची नोंदही राहत असे. १९४७-४८ मधील लढा मात्र वेगळा होता. रझाकारांच्या अत्याचारांमुळे कार्यकर्ते भूमिगत झाले. बीडला लागून असलेल्या तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यासारख्या भारतीय हद्दीतील भागांत सरहद्द कॅम्प उभे राहिले. निरोप पोहोचविणे, शस्त्रे लपविणे, कार्यकर्त्यांना भाकरी व आसरा देणे ही कामे कागदावर न येण्यातच त्यांचे यश होते.

योजना व त्यांच्या अटी :
केंद्र शासनाने स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १५ ऑगस्ट १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली. सुरुवातीस तिला वार्षिक पाच हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा होती. १९८० च्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत ही मर्यादा काढून टाकण्यात आली. किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास ही प्रमुख अट होती. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांसाठी ती तीन महिन्यांची होती. गोळीबारात किंवा लाठीमारात कायमचे अपंगत्व आलेल्यांचाही या योजनेत समावेश होता. भूमिगत कार्यकर्त्यास मात्र आपण फरारी घोषित झालो होतो, आपल्यावर बक्षीस लावले होते किंवा आपल्याविरुद्ध स्थानबद्धतेचा आदेश निघाला होता, यांपैकी काहीतरी दाखवावे लागे. म्हणजेच ज्या राजवटीविरुद्ध तो लढला, तिने त्याची दखल घेतलेली असणे आवश्यक होते. जो अधिक सावध, तो पुराव्याच्या दृष्टीने अधिक दुबळा ठरला. सरहद्द कॅम्पमधील कार्याला केंद्रीय योजनेत मान्यता मिळाली ती १९८५ मध्ये, लढा संपल्यानंतर सदतीस वर्षांनी.

पुराव्याचा प्रश्न :
निजामशाहीचा कारभार उर्दूत चालत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन त्याचे प्रदेश तीन राज्यांत गेले. परिणामी मराठवाड्यातील अर्जदाराला आपल्या तुरुंगवासाची नोंद कधी गुलबर्ग्यास, तर कधी हैदराबादेस शोधावी लागे. नोंद न सापडल्यास ती उपलब्ध नसल्याचा दाखला आणि ज्यांचा तुरुंगवास सिद्ध झाला आहे अशा स्वातंत्र्यसैनिकांची प्रमाणपत्रे द्यावी लागत. राज्याच्या योजनेत जिल्हा गौरव समितीची शिफारसही महत्त्वाची होती. या टप्प्यांपैकी कोठेही त्रुटी निघाली की प्रकरण परत येई. मधल्या काळात प्रमाणपत्र देणारा सहकारी निवर्तला, तर तो पुरावा पुन्हा उभा करणे अशक्य होई. १९४८ मध्ये वीस वर्षांचा असलेला कार्यकर्ता १९८० मध्ये बावन्न वर्षांचा आणि २००५ मध्ये सत्त्याहत्तर वर्षांचा होता, ही साधी आकडेमोड विलंबाचा खरा अर्थ स्पष्ट करते.

न्यायालयांची भूमिका व बीडचे प्रकरण :
मुकुंदलाल भंडारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. लाभ मात्र अर्जाच्या तारखेपासूनच देय ठरविला. त्यामुळे अर्जापूर्वीची वर्षे अर्जदाराच्या पदरात पडली नाहीत. गुरदयाल सिंग प्रकरणात २००१ मध्ये न्यायालयाने पुराव्याचा निकषही सौम्य केला. फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा न मागता संभाव्यतेच्या आधारे निर्णय घ्यावा, असे त्याने म्हटले.

या उदार दृष्टिकोनाची दुसरी बाजू बीड जिल्ह्यात समोर आली. अनेकांनी बनावट कागदपत्रांच्या आधारे निवृत्तिवेतन मिळविल्याची तक्रार उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. भाऊराव दगडू परळकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात २२ ऑगस्ट २००५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीने मिळविलेल्या लाभाला कायद्याचे संरक्षण नसल्याचे सांगितले आणि तपासणीचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्याकडे सोपविले.

ही तपासणी आवश्यकच होती. तथापि, सहकाऱ्याच्या प्रमाणपत्राचा जो मार्ग खोट्या अर्जदाराने वापरला, तोच खऱ्या भूमिगत कार्यकर्त्याचा एकमेव मार्ग होता. त्या मार्गाविषयी संशय निर्माण झाल्यावर त्याची झळ दोघांनाही बसणे अपरिहार्य होते. त्यातही बनावट दाखल्यास काळाची बाधा होत नाही. खऱ्या साक्षीदारास मात्र होते. म्हणून विलंब हा फसवणुकीवरील उपाय ठरत नाही. उलट तो प्रामाणिक अर्जदाराचीच बाजू दुबळी करतो.

निष्कर्ष :
१. बीड जिल्ह्यातील विलंबाचे मूळ केवळ लालफितीत नसून लिखित नोंद टाळणाऱ्या लढ्याकडे लिखित पुरावा मागण्यात आहे.
२. भाषेतील बदल व राज्यपुनर्रचना यांमुळे उपलब्ध नोंदीही अर्जदारापासून दुरावल्या.
३. साक्षीदार हयात असतानाच गावोगावच्या साक्षी पद्धतशीरपणे नोंदविल्या गेल्या असत्या, तर खऱ्याला न्याय आणि खोट्याला आळा या दोन्ही गोष्टी साध्य झाल्या असत्या.

मुक्तिसंग्रामातील पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. अर्ज फेटाळला गेला म्हणून लढ्यातील सहभाग नव्हताच, असा निष्कर्ष इतिहासकाराने काढू नये. आणि केवळ अर्ज मंजूर झाला म्हणून तो सहभाग सिद्ध झाला, असेही मानू नये. शासकीय यादीपलीकडे जाऊन कुटुंबांतील पत्रे, दाखले व आठवणी यांचे संकलन व चिकित्सा करणे हे मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांचे कर्तव्य होय.