निमंत्रण-व्यवस्थापन, कमांड लाइनवरील

संगणकाला कळफलकावरून लेखी आज्ञा देऊन समारंभाची निमंत्रणे पाठविण्याची व निमंत्रितांची उत्तरे नोंदविण्याची पद्धती. तिचा पाया असलेली आयकॅलेंडर ही साध्या मजकुराची मांडणी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने १९९८ मध्ये प्रसिद्ध केली व २००९ मध्ये आरएफसी ५५४५ या मानकाने तिच्या मूळ मानकाची जागा घेतली. निमंत्रण, उत्तर व रद्द करण्याचे नियम आयटिप या मानकात, तर ते व्यवहार ई-मेलने करण्याचे नियम आयमिप या मानकात आहेत (पहा : ई-मेल).

प्रत्येक समारंभास स्वतंत्र ओळखखूण असते आणि निमंत्रिताच्या नावापुढे होकार, नकार, अनिश्चित किंवा उत्तर बाकी अशी स्थिती लिहिली जाते, त्यामुळे ग्रेपसारख्या शोध-आज्ञेने होकार वेगळे काढता येतात. मात्र ७५ बाइटांपेक्षा लांब ओळ दुमडण्याचा संकेत असल्याने दुमडलेल्या ओळी आधी जोडून घ्याव्या लागतात. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, म्हणून मराठी मजकुराची ओळ साधारण पंचवीस चिन्हांतच दुमडते आणि सदोष आज्ञावलीत अक्षर मधोमध तुटते (पहा : युनिकोड).

वेळेसोबत कालविभाग नोंदविल्यास वसईतील सायंकाळी ७ चा विवाह-समारंभ दुबईतील आप्तांना तेथील ५.३० वाजता दिसतो. मराठी निमंत्रण-पत्रिकेतील ‘सहकुटुंब, सहपरिवार’ या रूढीला मात्र ही मांडणी अपुरी आहे, कारण उत्तरासोबत येणाऱ्या माणसांची संख्या कळविण्याचा रकाना आरएफसी ५५४५ मध्ये नाही. पंगतीच्या अंदाजासाठी ती वेगळी नोंदवावी लागते.